पहिल्याच फेरीत हरलेल्यांचे काय?

कोल्हापुरात खेळाचे महत्त्व कोणाला पटवून द्यावे लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालीम मंडळांचा फुटबॉलचा सामना असला की पेठापेठांतल्या चहाच्या टपऱ्यांवर दुसरा विषय निघत नाही. खासबागच्या मैदानात मोठी कुस्ती लागली की खेडोपाड्यांतली माणसे दुपारपासूनच जागा धरून बसतात. नेमबाजीत तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवले, राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले आणि 2024 मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकहून 50 मीटर रायफल प्रकारातले कांस्यपदक आणले. या प्रत्येक वेळी या शहराने मिरवणुकीत काही कमी ठेवले नाही. असे असूनही याच शहरातल्या शाळांमध्ये खेळाला मिळणारी जागा पाहिली, तर आपण खेळावर प्रेम करतो की फक्त पदकांवर, असा प्रश्न एक पालक म्हणून मला वारंवार पडतो.

शाळेतल्या खेळाविषयीची नेहमीची तक्रार सर्वांना ठाऊक आहे. वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास असतो. पण दिवाळीनंतर गणिताचा किंवा विज्ञानाचा अभ्यासक्रम मागे पडला की पहिली कुऱ्हाड त्याच तासावर पडते. विषय श्रेणीचा असल्याने दहावीच्या टक्केवारीत त्याचे वजन नाही आणि म्हणून त्याचा तास कोणी घेतला तरी पालकही हरकत घेत नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान असावे, खेळाचे साहित्य असावे, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी किमान अंशकालीन निदेशक असावा, असे 2009 पासून स्पष्ट लिहिलेले आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी किमान साठ मिनिटे घाम येईल अशी हालचाल हवी, हे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणेही आता पुष्कळांनी ऐकलेले आहे. या तक्रारीबद्दल मी अधिक लिहीत नाही, कारण मला तिच्यापेक्षा मोठी वाटणारी अडचण वेगळी आहे. जिथे खेळ होतो, जिथे क्रीडाशिक्षक उत्साही आहेत आणि मैदानही आहे, तिथेसुद्धा बहुसंख्य मुले खेळत नाहीत.

याचे कारण स्पर्धांच्या रचनेत आहे. शालेय क्रीडा स्पर्धा तालुका किंवा महापालिका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी चढत जातात आणि सांघिक खेळांत त्या बहुधा बाद पद्धतीने होतात. समजा बत्तीस शाळांनी संघ पाठवले. विजेता ठरवायला एकतीस सामने पुरतात. दिवस वाचतात, पंच कमी लागतात, मैदानही लवकर मोकळे होते. परंतु याच हिशेबात पहिल्या फेरीनंतर सोळा संघ घरी जातात, म्हणजे निम्म्या शाळांचा वर्षभराचा खेळ एका सामन्यात आटोपतो. संघ कच्चा असेल आणि चिठ्ठीत समोर गतविजेता आला असेल, तर तो सामनाही मध्यंतरापर्यंतच सामना राहतो. ज्यांना सरावाची आणि अनुभवाची सर्वांत जास्त गरज, तेच सर्वांत कमी खेळणार आणि जे आधीच पक्के, तेच चार-पाच सामने खेळून आणखी पक्के होणार, अशी ही व्यवस्था आहे. त्यातही मैदानात उतरणार अकरा. हजार-बाराशे मुलांच्या शाळेत सगळ्या खेळांचे सगळे संघ एकत्र केले तरी शाळेच्या नावाने खेळलेली मुले फार तर शंभर-सव्वाशे भरतील. बाकीच्यांच्या वाट्याला उरते ते क्रीडादिनाचे संचलन आणि बक्षीस समारंभातल्या टाळ्या.

ही रचना कोल्हापुरात चालावी याचे मला विशेष आश्चर्य वाटते, कारण आपल्या जुन्या कुस्तीने नेमकी उलटी रीत पाळली आहे. गावच्या जत्रेतले मैदान पाहिलेल्याला हे सांगायला नको. दुपारी हलगी कडाडू लागली की आधी रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. सहा-सात वर्षांची पोरे लंगोट आवळून मातीत उतरतात. मैदान लावणारा अनुभवी माणूस एकाचा हात धरून त्याला गर्दीसमोरून फिरवतो, दुसऱ्याला पुढे बोलावतो, दोघांना पाठीला पाठ लावून उभे करतो, खांदे चाचपतो, एखादा जड वाटला तर त्याला बाजूला करून तिसऱ्याला घेतो आणि जोड मनासारखी जमली की मगच हात सोडतो. हे सगळे नुसत्या नजरेने चालते. काटा नाही, जन्मदाखला नाही. पण हेतू पक्का असतो. कुस्ती तोडीस तोड व्हावी, हरणाऱ्यालाही दोन डाव टाकता यावेत. या पोरांतला कोणी पुढे महाराष्ट्र केसरी होईल की नाही, याची त्या घडीला कोणी पर्वा करीत नाही. त्यांनाही प्रेक्षक असतात, त्यांच्या कुस्तीलाही शिट्ट्या पडतात. मोठ्या इनामाची निकाली कुस्ती शेवटी, सूर्य कलताना.

तालमीचेही तसेच. मोतीबाग असो, गंगावेस असो की शाहूपुरी, नव्या मुलाला पहिल्या दिवशी डाव शिकवत नाहीत. हातात फावडे देतात. हौद, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, उकरायचा, ढेकळे फोडायची, तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळलेली तांबडी माती वरखाली करायची आणि मग जोर मारायचे. उकरणाऱ्यांत सगळेच असतात, उद्याचे नामांकित मल्लही आणि वर्षानुवर्षे घाम गाळून एकही मोठे मैदान न मारणारेही. वस्ताद दुसऱ्या प्रकारच्या मुलाला घरी पाठवत नाहीत, कारण त्याच्याशिवाय पहिल्या प्रकारच्या मुलाला लढतीला जोड कोठून मिळणार? हा सारा व्यवहार भाबडेपणाने चाललेला नाही. खेळाची उंची त्याच्या पायाच्या रुंदीवर ठरते, हे तालमीला अनुभवाने कळलेले आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी खासबागचे मैदान उभारले, ते 1912 मध्ये पूर्ण झाले. युरोपच्या दौऱ्यात पाहिलेल्या रोमच्या कलोसियमवरून ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. मधोमध हौद आणि भोवती चढत गेलेला उतार अशी त्याची घडण आहे, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही मातीतला डाव दिसतो. त्यानंतर पाच वर्षांनी, 1917 मध्ये, त्याच राजाने करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. तालीम आणि शाळा या दोन्ही गोष्टींकडे ते एकाच दृष्टीने पाहत असावेत, असे मला वाटते. हे माझे अनुमान आहे, इतिहासकारांनी त्यावर अधिकाराने बोलावे.

शिक्षणसंस्था मनावर घेते तेव्हा काय घडते, याचेही उदाहरण इथलेच आहे. खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने आणि तिथे सहावे आले. 1952 मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा उभा राहीना, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले, ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवून, त्यांत स्वतः लढून ते कर्ज फेडले. ही कथा आपण अभिमानाने सांगतो आणि ती अभिमानाची आहेच. तरीही एका प्राचार्याला घर गहाण टाकावे लागले, यातली व्यवस्थेची नामुष्की अभिमानाच्या भरात झाकली जाऊ नये. महाराष्ट्राला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला बहात्तर वर्षे लागली. ते मिळवणारा मुलगा, म्हणजे स्वप्नील कुसाळे, शासनाच्या क्रीडाप्रबोधिनीतून, खेळाडू घडवणाऱ्या निवासी संस्थेतून, घडलेला होता, म्हणजे या वेळी घर गहाण पडले नाही. एवढी प्रगती मान्य करायला हवी.

प्रबोधिनीला मुले निवडूनच घ्यावी लागतात, ते तिचे कामच आहे. शाळेचे काम ते नव्हे. शाळेने निवड करायची घाई केली की दोन गोष्टी होतात. पहिली, पालक खेळाकडे गुंतवणूक म्हणून पाहू लागतात. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि नोकरीतले पाच टक्के आरक्षण या दोन्ही तरतुदी खेळाडूंना आधार देण्यासाठी आहेत आणि त्या असाव्यात; परंतु ज्या खेळाला स्पर्धक कमी तो शोधून मुलाला त्यात घालायचे, प्रमाणपत्र हाती पडले की साहित्य माळ्यावर टाकायचे, हा हिशेब आता उघडपणे मांडला जातो. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे त्याच वाटेवरची पुढची वस्ती होत. दुसरी गोष्ट मुलींबाबतची. आठवी-नववीत मुली मैदानातून दिसेनाशा होतात. कपडे बदलायला आडोसा नाही, स्वच्छतागृह धड नाही, सराव अंधार पडेपर्यंत लांबतो आणि घरून विचारणा होते की संघात निवड तरी झाली आहे का. निवड झालेली मुलगी हट्टाने टिकते. नुसते खेळायला आवडते म्हणून खेळणाऱ्या मुलीजवळ घरच्यांपुढे ठेवायला काही कारणच उरत नाही.

समाजाच्या अंगानेही हेच दिसते. पेठेच्या फुटबॉल संघासाठी गळा फाडून ओरडणारे हजारो आहेत आणि ते या शहराचे वैभव आहे. सामन्यानंतरची हुल्लडबाजी हा त्याचा डाग. मात्र प्रेक्षकांत बसलेल्या तिशीतल्या किती जणांनी गेल्या वर्षभरात स्वतः चेंडूला पाय लावला असेल? शाळेत जो पहिल्या फेरीत बाद झाला, तो पुढे आयुष्यभर प्रेक्षकच राहिला. आता भाड्याच्या टर्फवर रात्री तासाच्या हिशेबाने पैसे मोजून काही मंडळी पुन्हा खेळू लागली आहेत, ही चांगली गोष्ट आहे, फक्त ती खिशाला परवडणाऱ्यांपुरती आहे.

आमच्या मुलांच्या शाळेतल्या काही पालकांनी यंदा एक साधी मागणी ठेवली. आंतरशालेय स्पर्धा चालतात तशा चालू द्या. शाळेच्या आत मात्र तुकड्यांची साखळी सुरू करा. प्रत्येक तुकडीचे मुलांचे दोन आणि मुलींचे दोन संघ, बलाबल पाहून केलेले गट, जुलैपासून जानेवारीपर्यंत आठवड्याला ठरलेले सामने आणि प्रत्येक मुलाने निदान अर्धा वेळ मैदानात असलेच पाहिजे असा नियम. आपल्याच शहरातली वरिष्ठ गटाची फुटबॉल स्पर्धा साखळी पद्धतीने होते, त्यामुळे गुणतक्ता कसा मांडतात हे पाचवीतल्या पोरालाही ठाऊक आहे. मुख्याध्यापकांनी दोन अडचणी सांगितल्या. एवढ्या सामन्यांना पंच कोठून आणायचे आणि पाऊस थांबेपर्यंत मैदानाचे काय करायचे? पंचांचे उत्तर सोपे निघाले. नववीची मुले शिट्टी वाजवायला एका पायावर तयार आहेत. पावसाचे उत्तर सापडलेले नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आमचे मैदान म्हणजे चिखल असतो, तेव्हा त्या दोन महिन्यांत सभागृहात कबड्डी घ्यावी की सरळ चिखलातच फुटबॉल खेळू द्यावा, यावर पालकांत दोन तट पडले आहेत. मी चिखलाच्या बाजूने आहे.