मातीच्या विटांचा हातप्रेस : आराखडा-सत्रांतील जबाबदाऱ्यांची नवी मांडणी

हातप्रेसच्या खुल्या (कोणालाही वापरता आणि सुधारता येईल अशा) आराखड्याचे काम आता साचा, दट्ट्या (साच्यातील माती दाबणारा भाग), तरफ आणि सांगाडा अशा चार भागांत चालू आहे. या टप्प्यात मात्र रेखाटनापेक्षा कोणी काय सांभाळायचे हे ठरवण्यातच अधिक वेळ गेला. तो सत्कारणी लागला असे माझे मत आहे. अशीच सामूहिक सत्रे घेणाऱ्या इतर हौशी गटांना उपयोग व्हावा म्हणून ही नोंद मुख्यतः त्याच विषयावर लिहीत आहे.

यंत्राची कुळी वाचकांना माहीत असेलच. १९५०च्या दशकात कोलंबियातील बोगोटा येथे राउल रामिरेझ यांनी घडवलेला ‘सिनव्हा-राम’ हा हाताने चालणारा प्रेस आमचा मूळ आधार आहे, आणि त्याच्याप्रमाणेच आमची वीटही सुमारे २९० × १४० × ९० मिमी मापाची आहे. काम वाटण्याची पद्धत मात्र आम्ही अमेरिकेतील मिसूरी राज्यात चालणाऱ्या ‘ओपन सोर्स इकॉलॉजी’ या प्रकल्पाकडून घेतली. मार्चिन याकुबोव्स्की यांनी २००३ साली सुरू केलेल्या या प्रकल्पाने ५० यंत्रांचा संच खुला करण्याचे ध्येय ठेवले आहे. त्यांचा वीटप्रेस हायड्रॉलिक आहे, त्यामुळे त्याची मापे आम्हाला लागू पडत नाहीत. यंत्राचे स्वतंत्र भाग पाडून अनेकांनी एकाच वेळी काम करायचे, ही त्यांची रीत मात्र आम्ही पूर्णपणे स्वीकारली आहे.

भाग पाडल्यावर काम वेगाने होते, पण खरी अडचण भागांच्या सीमेवर उभी राहते. संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली असे मांडले होते की, एखाद्या संस्थेतील माणसे एकमेकांशी जशी बोलतात तसाच त्या संस्थेच्या आराखड्याचा ढाचा घडतो. हे विधान बहुधा संगणक-प्रणालींच्या संदर्भात सांगितले जात असले तरी लोखंडालाही तंतोतंत लागू पडते. उदाहरणार्थ, साचा आतून २९० × १४० मिमी ठेवून त्याच्या भिंतीची पट्टी १० मिमीऐवजी १२ मिमी घ्यायची असे साच्याच्या जोडीने (प्रत्येक भाग आमच्याकडे दोघांची एक जोडी सांभाळते) ठरवले, तर साच्याचे बाहेरचे माप ३१० × १६० वरून ३१४ × १६४ होते. साच्यापुरता हा निर्णय उत्तम असतो, कारण भिंत कमी फुगते. परंतु सांगाड्याच्या जोडीला ही गोष्ट कळली नाही, तर त्यांची बैठक ४ मिमीने अपुरी पडते, आणि दोन्ही जोड्या आपापल्या जागी बरोबर असूनही यंत्र जुळत नाही.

म्हणून जोडमापे, म्हणजे एका भागाची दुसऱ्याशी जुळावी लागणारी मापे, सांभाळणारी एक स्वतंत्र व्यक्ती नेमणे हा या टप्प्यातील सर्वांत महत्त्वाचा बदल ठरला. ही व्यक्ती कोणताही भाग रेखाटत नाही. फ्रीकॅड या यंत्ररेखाटनाच्या मोफत संगणक-प्रणालीतील एका स्प्रेडशीटमध्ये साच्याची आतील मापे, भिंतीची जाडी, दट्ट्या आणि साचा यांमधील मोकळीक, पिनांचे व्यास, दट्ट्याची चाल आणि बोल्टांच्या छिद्रांची अंतरे एवढेच असते, आणि प्रत्येक भागाची फाइल ही मापे तेथूनच घेते. हा तक्ता वाचण्याची मुभा सर्वांना आहे, पण बदलण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे आहे. कोणाला एखादे माप बदलायचे असेल तर त्याने कारण लिहून मागणी करायची, त्या मापाचा ज्या भागांशी संबंध येतो त्या सर्व जोड्यांना विचारले जाते, आणि मगच आकडा बदलतो. सुरुवातीला काहींना ही सरकारी फाइलीची चाल वाटली. परंतु कोणत्या मापामागे कोणते कारण आहे याची नोंद आपोआप होत गेल्यामुळे तेच सदस्य आता या तक्त्याचा सर्वाधिक आग्रह धरतात.

या पद्धतीला एक तांत्रिक कारणही आहे. फ्रीकॅडची फाइल म्हणजे प्रत्यक्षात एक झिप-संच असतो, आणि दोघांनी एकाच फाइलमध्ये स्वतंत्रपणे केलेले बदल साध्या मजकुराप्रमाणे गिटला (फाइलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीला) एकत्र करता येत नाहीत. त्यामुळे एक फाइल एका वेळी एकाच हातात असली पाहिजे. प्रत्येक भागासाठी आम्ही दोघांची जोडी ठेवली आहे : एकाने रेखाटायचे, दुसऱ्याने तपासायचे, आणि पुढच्या सत्रात अदलाबदल करायची. नोव्हेंबर २०२४मध्ये आलेल्या फ्रीकॅडच्या १.० आवृत्तीपासून, मागची रेखाटने बदलल्यावर पुढचे पृष्ठभाग भलतीकडे चिकटण्याचा जुना त्रास बराच कमी झाला आहे, त्यामुळे ही अदलाबदल पूर्वीपेक्षा सुसह्य झाली.

समन्वयकाने सत्र चालू असताना स्वतः रेखाटन करू नये, या मतावर मी ठाम आहे. हा नियम अनेकांना अवघड जातो, कारण समन्वयाची हौस बहुधा रेखाटनाची हौस असणाऱ्यालाच असते. पण जो स्वतः माऊस हातात घेऊन बसतो त्याला नवा सदस्य ताटकळलेला दिसत नाही. सत्राच्या पहिल्या १५ मिनिटांत समन्वयकाने प्रत्येक जोडीकडून आजचे एकच उद्दिष्ट वदवून घ्यायचे आणि नव्या माणसाला कोणत्या तरी जोडीच्या शेजारी बसवायचे, एवढे झाले तरी पुरे.

नोंदी ठेवणाऱ्याची जबाबदारी कोणी आपणहून मागत नाही, म्हणून ती पाळीपाळीने दिली जाते. बोललेले सर्व लिहून काढणे येथे अपेक्षित नसते. काय ठरले, का ठरले आणि कोणता पर्याय कोणत्या कारणाने बाजूला ठेवला, ही तीनच गोष्टी टिपायच्या असतात. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची आहे, कारण तिच्या अभावी तोच वाद नव्या उत्साहाने पुन्हा उभा राहतो. व्हॉट्सअ‍ॅपवर झालेला निर्णय नोंदवहीत आल्याशिवाय निर्णय मानला जात नाही, हेही आता सर्वांनी मान्य केले आहे. (शुभेच्छांच्या चित्रांखालून पिनचा व्यास शोधून काढणे ही निराळीच कला आहे.)

कारखान्याच्या बाजूने पाहणारी व्यक्ती ही दुसरी मोठी भर आहे. फॅब्रिकेशनचा व्यवसाय करणारे एक गृहस्थ आता सत्रांना येतात. त्यांना फ्रीकॅड येत नाही आणि यावे अशी अपेक्षाही नाही. पडद्यावर यंत्र फिरवून दाखवले की ते विचारतात, “साहेब, इथे वेल्डिंगचा रॉड जाणार कुठून?” साच्याच्या तळाशी आतून सलग वेल्ड दाखवणारे रेखाटन त्या एका प्रश्नावर बदलले गेले. आता वेल्ड बाहेरून आहे, आणि पत्रा तापून ओढला जाऊ नये म्हणून सलग न मारता टाक्याटाक्यांनी आहे. बाजारात सहज मिळणाऱ्या पट्टीचीच जाडी आराखड्यात असावी, हा आग्रहही त्यांचाच.

ताकदीचा हिशेब पडताळणारी व्यक्ती त्या भागाच्या जोडीबाहेरचीच असली पाहिजे, असा आमचा नियम आहे. २९० × १४० मिमीच्या पृष्ठभागावर २ एमपीए (मेगापास्कल) दाब धरला, तर दट्ट्यावर सुमारे ८१ किलोन्यूटन, म्हणजे ८ टनांहून थोडा अधिक भार येतो. तो सारा २५ मिमी व्यासाच्या एकाच पिनवर दुहेरी शिअरमध्ये (म्हणजे पिनला दोन ठिकाणी कापू पाहणारा) आला, तर पिनमधील ताण सुमारे ८३ एमपीए होतो. हा आकडा घाबरवणारा नाही, परंतु लांब तरफेला लटकणारी दोन उत्साही माणसे हिशेबात धरली तर तो झपाट्याने वाढतो, आणि तरफ उसळली तर इजा हिशेब करणाऱ्याला होत नाही, यंत्र चालवणाऱ्याला होते. म्हणून पडताळणी करणाऱ्याने सही केल्याशिवाय त्या भागाचे कोणतेही रेखाटन कारखान्यात जात नाही.

मातीची चाचणी एका वेगळ्या जोडीकडे आहे. काळी माती वाळताना आक्रसते आणि तडकते, त्यामुळे ती एकटी निरुपयोगी आहे. मुरूम आणि वाळू मिसळून ५ ते ८ टक्के सिमेंटचे मिश्रण तपासण्याचे काम ही जोडी करते, आणि सैल माती दाबल्यावर किती बसते हे तिने सांगितल्यावरच जोडमापांच्या तक्त्यातील दट्ट्याची चाल पक्की होईल. परवान्याचा प्रश्न फारशी चर्चा न होता सुटला. २०२० साली आलेल्या, सर्न या युरोपीय भौतिकी-संशोधन संस्थेच्या खुल्या हार्डवेअर परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीतील ‘एस’ हा प्रकार आम्ही घेतला. त्यानुसार आराखड्यात सुधारणा करून तो किंवा त्यावरून केलेले यंत्र इतरांना देणाऱ्याने सुधारित आराखडाही त्याच अटींवर खुला ठेवायचा असतो.

सध्या दोन जागा रिकाम्या आहेत. साहित्ययादी सांभाळण्यासाठी बोल्ट, बुश आणि पट्ट्यांचे स्थानिक दर विचारून आणण्याचा उत्साह असणारी व्यक्ती हवी आहे. तिला रेखाटन येण्याची गरज नाही. दुसरी जागा जुळणी-पुस्तिकेची आहे. ती आम्ही मुद्दामच आराखड्यात सहभाग नसलेल्या व्यक्तीसाठी राखून ठेवली आहे, कारण रेखाटने पाहून जे तिला समजणार नाही तेच पुस्तिकेत लिहायचे आहे. पुढील सत्रात दाबलेली वीट साच्यातून वर काढण्याची यंत्रणा हाती घेतली जाईल, आणि त्यासाठी तरफ व दट्ट्या या दोन्ही जोड्या पहिल्यांदाच एका टेबलाशी बसणार आहेत.