काहीच न होण्याची सोय

दुपारी गाडीला चार्जिंगची गन लावावी आणि काहीही होऊ नये. जराशी खुडबुड, मग शांतता; टक्क्यांचा आकडा ढिम्म. टायमर लावलेल्या इलेक्ट्रिक गाडीचं हे असंच असतं, ठरलेल्या वेळेपर्यंत काही न करणं हेच तिचं काम. पंचाईत एवढीच की बिघडलेली गाडीसुद्धा हुबेहूब अशीच वागते.

फरक दिव्यावरून कळतो म्हणावं, तर दिव्यांचे रंग प्रत्येक कंपनीचे निराळे. त्यापेक्षा ‘लगेच चार्ज करा’ दाबून पाहावं. आतून रिलेचा, म्हणजे वीज जोडणाऱ्या स्विचचा, टक् आवाज आला आणि आकडा सरकू लागला, की गाडी धडधाकट आणि दोष टायमरचा. काही गाड्यांत असं बटणच नसतं. तिथे गन काढून पाचेक सेकंदांत पुन्हा लावायची.

टायमर दोन जातींचे. एकात सुरू होण्याची वेळ द्यायची, दुसऱ्यात निघण्याची. उलटा हिशेब गाडी करते. तो हिशेब आपल्यालाही यावा. ४० युनिटांची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर न्यायची तर २४ युनिट लागतात. वाटेत दहा-बारा टक्के उष्णतेत जातात, म्हणजे भिंतीतून साधारण २७ घ्यायचे. २३० व्होल्टच्या सॉकेटवर १० अँपिअर म्हणजे २.३ किलोवॅट. पावणेबारा तास! रात्री ११ ते सकाळी ६ एवढीच मुभा दिली तर गाडी निम्म्यावरच थांबणार, आणि सकाळी शिव्या टायमरला. तेच ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा चार्जर, असेल तर पावणेचार तास; सातला निघायचं असेल तर सव्वातीनला सुरू झालं तरी चालतं. बॅटरी शंभर टक्क्यांपर्यंत भरायची असेल तेव्हा निघण्याच्या वेळेचा टायमर खरा उपयोगी, कारण भरलेली बॅटरी तासन्‌तास तशीच पडून राहत नाही. एरवी फारसा फरक नाही.

खरा घोळ दोन टायमर लावण्यात आहे, एक गाडीत आणि एक वॉलबॉक्सच्या अ‍ॅपमध्ये. गाडीत ११ ते ३, बॉक्समध्ये १ ते ६ असेल, तर चार्जिंग फक्त १ ते ३. त्याहून वाईट म्हणजे बॉक्स वीज अडवून बसलेला असताना गाडी झोपी जाते आणि बॉक्सची वेळ झाली तरी काही गाड्या उठतच नाहीत. गनमधल्या एका बारीक तारेवर हा सगळा संवाद चालतो. गन नुसती लावलेली असताना तिथे ९ व्होल्ट, गाडी ‘घेते’ म्हणाली की ६. किती अँपिअर घ्यायचे हे बॉक्स सेकंदाला हजार स्पंदनांच्या रुंदीतून सांगतो. झोपलेल्याला स्पंदनं कोण मोजणार? टायमर एकच ठेवावा, आणि शक्यतो गाडीतला. बॅटरी किती भरली आहे हे तिला ठाऊक असतं, बॉक्सला बहुधा नसतं. सॉकेटमध्ये खोचायचे स्वस्त टायमर मात्र नकोतच. तासन्‌तास १० अँपिअर वाहून नेताना ते तापतात, वितळतातही.

टायमरच्या वारांचं तर विचारूच नये. चावीच्या गजराच्या घड्याळाला सकाळ-संध्याकाळ कळत नसे. संध्याकाळी पाचला सकाळी सहाचा गजर लावून ठेवला, की तासाभरात घर दणाणायचं. गाडीला सकाळ-संध्याकाळ कळते, पण तिचा वार मध्यरात्री बदलतो. आपला वार झोपून उठल्याशिवाय बदलत नाही. त्यामुळे ‘सोमवार, रात्री १’ म्हटलं की गाडी आपल्या रविवारच्या रात्रीच कामाला लागते. मध्यरात्र ओलांडणारी वेळ कोणत्या वाराखाली टाकायची हे एकदा तपासून घ्यावं. १२ व्होल्टची छोटी बॅटरी बदलल्यावर घड्याळही पाहावं. काही गाड्यांत ते शून्यावर जातं आणि टायमर चुकीच्या वेळी इमानेइतबारे चालतो.

बाहेरच्या डीसी फास्ट चार्जरवर टायमर सहसा आड येत नाही. संथ एसी पॉइंटवर येतो. भरदुपारी गन लावून माणूस चहाला जातो आणि गाडी रात्रीचे अकरा वाजायची वाट बघत उभी. यावर उपाय आहे, टायमर ‘फक्त घरीच’ चालवण्याचा पर्याय. बऱ्याच गाड्यांत तो तीन मेन्यू आत असतो. तिथे का, कोण जाणे.