छप्पर गळत नव्हतं, तरी पद्मिनी भिजली

गणेश चवथ आटोपल्यावर गोव्यातल्या बोरीहून काकांचा फोन आला, "पद्मिनीच्या बॉनेटवर पुरळ उठलंय, बघून जा." पांढरी प्रीमियर पद्मिनी, चिरेबंदी घराला लागून असलेल्या कौलारू खोलीत जूनपासून उभी. अंगावर चंदेरी कोटिंगचं वॉटरप्रूफ कव्हर, खालून इलॅस्टिकने आवळलेलं. काकांनी निदान आधीच केलं होतं: कौलं गळतात. त्यावर उपायही ठरला होता, कव्हरवर आणखी एक जाड ताडपत्री.

कव्हर उचललं तेव्हा आतली बाजू चिंब आणि वरच्या बाजूवर कोरडी धूळ. वरून पाणी पडलं असतं तर त्या धुळीत ओघळ दिसले असते, एकही नव्हता. बॉनेट, टप आणि डिकी या आडव्या पत्र्यांवर मोहरीएवढे फोड, दरवाजांवर जवळजवळ नाहीत. टपावर कव्हरच्या कोटिंगचे पोपडे चिकटलेले. आत रेक्झिनच्या सीटवर पांढरी बुरशी.

जमिनीवर दीड फूट बाय दीड फूट प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने पक्का चिकटवला आणि काकांना सांगितलं, उद्यापर्यंत हात लावू नका. दुसऱ्या दिवशी तुकड्याच्या खालच्या बाजूला थेंब जमले होते. म्हणजे पाणी खालून येत होतं. जुन्या घरांच्या सिमेंटच्या जमिनीखाली ओल अडवणारा थर बहुतेक नसतोच. पावसात जमीन पाण्याने फुगली की ओल वर चढते, वाफ होऊन गाडीच्या पोटाखाली शिरते आणि आवळलेल्या कव्हरमध्ये कोंडते. पहाटे पत्रा आणि कव्हर गार झाले की त्याच वाफेचं पाणी होतं. काकांची ताडपत्री आली असती तर ते पाणी सुकायची उरलीसुरली वाटही बुजली असती.

रंगाला फोड येण्याचं कारण त्याच्यापुढचं. रंग पाणी पूर्ण अडवत नाही, हळूहळू आत घेतो. रंगकामात पाण्याने घासताना खारट पाणी वापरलं, किंवा प्रायमरवर हाताचा घाम राहिला, तर तिथे क्षार अडकतात. रंगातून झिरपलेलं पाणी क्षाराकडे ओढलं जातं आणि तिथे फोड फुगतो. नुसते पाण्याचे फोड गाडी सुकल्यावर बरेचसे बसतात. खाली गंज धरला असेल तर बसत नाहीत. इथे टपावरचे बसतील असं वाटलं, बॉनेटचा पुढचा भाग मात्र खरवडावाच लागणार होता.

मग नव्या कव्हरचं कापड. बंद खोलीतल्या जुन्या गाडीला जाड सुती फ्लॅनेल घाला, हा सल्ला सगळीकडे मिळतो. कोरड्या हवेत तो बरोबर आहे, कारण फ्लॅनेलएवढं मऊ रंगाला दुसरं काही लागत नाही. पण ६५ टक्के आर्द्रतेतच सूत आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण ८ टक्के पाणी हवेतून ओढून धरतं. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. तीन किलोचं सुती कव्हर म्हणजे पाव लिटरच्या आसपास पाणी, आणि गोव्यातल्या जुलैची हवा ६५ टक्क्यांवर कुठे थांबते? ते कापड महिनाभर पत्र्याला चिकटून राहिलं की बुरशी ठरलेली.

काकांचा विश्वास बसावा म्हणून स्वयंपाकघरातच चाचणी घेतली. स्टीलच्या पेल्यात कढत पाणी, तोंडावर कापडाचा तुकडा ताणून, त्यावर काचेचा ग्लास उपडा. कापडातून वाफ गेली तर वरची काच धुरकटते. चंदेरी कव्हरच्या तुकड्यावर काच स्वच्छ राहिली. फ्लॅनेलमधून वाफ गेली, पण कापड ओलं झालं आणि संध्याकाळपर्यंत दमटच होतं. न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनमधूनही गेली, पण त्याची आतली बाजू गालाला खरखरीत लागते, आणि गालाला जे टोचतं ते रंगावर बारीक चरे पाडतंच. चौथा तुकडा आतून लव उठवलेल्या, ताण घेणाऱ्या पॉलिएस्टर विणीचा. काच लगेच धुरकटली आणि कापड पंख्याखाली थोड्या वेळात सुकलं. तेच ठरवलं. गाडी पांढरी, म्हणून ओल्या पांढऱ्या रुमालाने कापड जोरात घासून रंग सुटत नाही ना, तेही पाहिलं.

हे कापड पातळ असतं. पालींची आणि वटवाघळांची घाण त्यातून पाझरते, कौलाचा तुकडा पडला तर ते काही वाचवत नाही. त्यासाठी ताडपत्री हवीच, पण वाशांना बांधून, उतार देऊन, गाडीच्या टपापासून निदान तीन फूट वर. काकांची ताडपत्री अशी कामाला आली.

मापात लोक फसतात. पद्मिनी ३.९३ मीटर लांब आणि १.४६ मीटर रुंद. तिला अँबॅसेडरचं कव्हर घातलं तर घेर जमिनीवर लोळतो आणि वातीसारखी ओल वर ओढतो. टेप पुढच्या बंपरपासून बॉनेट आणि टपावरून मागच्या बंपरपर्यंत अंगाला लावून धरा, रुंदीही तशीच. घेर जमिनीपासून २० सेंटीमीटर वर थांबला पाहिजे. इलॅस्टिक फक्त पुढे-मागे, बाजू मोकळ्या. डिकीच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे जे पंख वर निघतात, त्यांच्या टोकांवर आतून दुहेरी कापड लावून घेतलं, ताणलेलं कव्हर आधी तिथेच फाटतं. आरशांना खिसे शिवले नाहीत तर सगळा ताण आरशाच्या दांडीवर येतो.

जमिनीवर २०० मायक्रॉनचं पॉलिथिन पसरलं, सांध्याला एक फूट चढवून टेप मारला, गाडीच्या बाहेर चहूबाजूंनी दोन फूट. टायरखाली रबरी मॅट. डिह्युमिडिफायरबद्दल काकांनी विचारलं. कौलांच्या फटींतून सगळी हवा आत-बाहेर होते, तिथे ते यंत्र परसातली हवा सुकवत बसेल. त्यापेक्षा दोन साधे आर्द्रतामापक आणा, एक कव्हरखाली, एक खोलीत. खालचा आकडा खोलीपेक्षा सतत पाच-सहा टक्क्यांनी जास्त दिसला तर ओल अजून कोंडतेय, पॉलिथिनचे सांधे तपासा. पावसात गाडीला हवा द्यायची तर दुपारी उघडीप पाहून. पहाटे कव्हर काढलं तर दमट हवा गार पत्र्यावर जाऊन बसते.

बॉनेटचं काम डिसेंबरवर टाकलं, तोवर गाडी उघडी, पंख्याखाली. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग, हाताला कोरडा लागला तरी आतलं सॉल्व्हंट निघायला महिना जातो. तेवढे दिवस वाफ सोडणारं कव्हरसुद्धा घालायचं नाही, नाहीतर कापडाची वीण रंगावर उमटते. मधल्या काळात धूळ बसेल, ती कोरड्या फडक्याने पुसायची नाही. पाणी सोडून धुवायची, सुकवायची.