जुनं व्हीएम पुन्हा उठवताना

गेल्या शनिवारी लॅपटॉपवर लिनक्स नव्याने टाकलं. रूट पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा सिस्टिमचा भाग, पुसलं. डेटाची डिस्क वेगळी आहे, तिला हात लावला नाही. माझ्या व्हीएमच्या (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा संगणक) फायली त्याच डिस्कवर होत्या, त्यामुळे मी निर्धास्त होते. त्या व्हीएममध्ये डेबियन लिनक्स आहे, त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस, आणि त्यात बाबांना आलेल्या पत्रांची सूची: कोणाचं पत्र, कधीचं, कशाबद्दल. चार वर्षं रात्री जेवण झाल्यावर थोडं थोडं करून मी ती भरत आले आहे. बॅकअप होता, पण आठ महिन्यांपूर्वीचा.

व्हीएम चालवायचं व्हर्ट-मॅनेजर उघडलं तर व्हीएमची यादी रिकामी. मेमरी किती, फर्मवेअर (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर) कोणतं, डिस्क कुठल्या बसवर, म्हणजे कशी जोडलेली, नेटवर्क कार्ड कुठे, हे सगळं व्हर्ट-मॅनेजरच्या मागे काम करणारं लिबव्हर्ट एका एक्सएमएल फायलीत लिहून ठेवतं. ती फाइल डिस्कच्या फायलीशेजारी नसते, ईटीसी फोल्डरच्या आत असते. म्हणजे रूट पार्टिशनवर. ती गेली होती.

बरं, नवीन व्हीएम करून जुनी डिस्क जोडू म्हटलं, तर फोल्डरात फायली दोन निघाल्या. एक ३८ जीबीची, एक ६ जीबीची. वर्षभरापूर्वी मी स्नॅपशॉट घेतला होता, म्हणजे डिस्कची त्या क्षणीची स्थिती गोठवून ठेवली होती, तेव्हापासून नवं लिखाण सगळं लहान फायलीत जात होतं आणि मोठी फाइल नुसती तिचा पाया म्हणून होती. घाईत माणूस मोठी फाइलच उचलतो. मीही निवडलीच होती. पायाची फाइल थेट जोडून मशीन बूट केलं की तिच्यावर काहीतरी लिहिलं जातं, आणि मग वरच्या फायलीचा तिच्याशी मेळ बसत नाही. वर्षभराच्या नोंदी तिथेच हातच्या गेल्या असत्या. व्हीएमच्या डिस्क-फायली तपासणाऱ्या क्यूईएमयू-आयएमजीचा इन्फो हा कमांड बॅकिंग-चेनच्या पर्यायासकट चालवला, तेव्हा कुठली फाइल कुणावर उभी आहे ते कळलं. मग सगळ्यात आधी दोन्हींच्या प्रती बाहेरच्या डिस्कवर काढल्या. तासभर गेला, पण त्यानंतर हात थरथरायचे थांबले.

लहान फाइल जोडली तर बॅकिंग फाइल, म्हणजे पायाची फाइल, उघडत नाही अशी एरर. पायाच्या फायलीचा पत्ता लहान फायलीच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीत, पूर्ण पाथसकट लिहिलेला होता, आणि नव्या सिस्टिमने डेटाची डिस्क भलत्याच ठिकाणी माउंट केली, म्हणजे जोडली, होती. रिबेस करून तो पत्ता बदलता येतो. मी मात्र कुठली डिस्क कुठे जोडायची हे सांगणाऱ्या एफएसटॅब फायलीत ओळ घालून डिस्क जुन्या जागीच माउंट केली. फायलींना न शिवता काम होत असेल तर मी नेहमी तोच रस्ता धरते.

आता मशीन सुरू झालं, पण काळ्या पडद्यावर 'बूटिंग फ्रॉम हार्ड डिस्क' एवढं येऊन तिथेच अडलं. डिस्क खराब झाली की काय, या विचाराने पोटात गोळा आला. गेस्टफिश या साधनाने डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली. सुरुवातीलाच ५१२ एमबीचं फॅट पार्टिशन दिसलं आणि जीव भांड्यात पडला: ते ईएफआयचं, म्हणजे बूटच्या फायलींचं, पार्टिशन होतं. मूळ इन्स्टॉल यूईएफआय या नव्या पद्धतीच्या फर्मवेअरवर झालेलं, आणि नवीन व्हीएम मी जुन्या बायोसवर केलेलं. फर्मवेअर व्हीएम बनवतानाच निवडायचं असतं, म्हणून ते व्हीएम पुसून पुन्हा करायचं ठरवलं. पुसण्याच्या खिडकीत डिस्कच्या फायलीही काढायच्या का, यासाठी एक टिक असते. ती माझ्या समोर लागलेली होती. ती काढूनच पुढे गेले. कृपा करून तुम्हीही ती खिडकी दोनदा वाचा.

यूईएफआय निवडल्यावर बूट झालं ते थेट शेलमध्ये, म्हणजे फर्मवेअरच्या कमांड लिहायच्या पडद्यावर. वर एफएस-शून्य, बीएलके-शून्य अशी डिस्कच्या भागांची यादी, पाच सेकंदांची उलटी मोजणी, आणि मग पिवळ्या अक्षरांत 'शेल' आणि पुढे लुकलुकणारा कर्सर. कुठली ईएफआय फाइल चालवायची याची नोंद फर्मवेअर एनव्हीरॅम या आपल्या कायमच्या मेमरीत ठेवतं. व्हीएमच्या बाबतीत तीही साधी फाइलच, व्हार फोल्डरखालची, म्हणजे तीही पुसलेली. नोंद नसली की फर्मवेअर बूट नावाच्या ठरलेल्या फोल्डरात बूट-एक्स-६४ ही फाइल शोधतं. माझ्या ईएफआय फोल्डरात एकच नाव होतं, डेबियन.

एफएस-शून्य आणि विसर्गासारखे दोन टिंब टाइप करून एंटर दाबला. डेबियनच्या फोल्डरात गेले, लिनक्स सुरू करून देणाऱ्या ग्रबच्या फायलीचं, ग्रब-एक्स-६४ चं, नाव पूर्ण लिहून पुन्हा एंटर. ग्रबचा मेनू आला. मग कर्नलच्या ओळी सरसर वर गेल्या आणि लॉगिन आलं. मी खुर्चीत मागे टेकले आणि थोडा वेळ नुसती त्या ओळीकडे बघत राहिले.

पुढचं किरकोळ. नेटवर्क चालत नव्हतं, कारण नव्या मशीनमध्ये कार्डाची जागा बदलल्यामुळे त्याचं नाव ईएनएस३ ऐवजी ईएनपी१एस० झालं होतं. इंटरफेसेसच्या फायलीत ते बदललं. मग डीपीकेजी-रीकॉन्फिगर या कमांडने ग्रबचं ईएफआय पॅकेज पुन्हा बसवायला घेतलं. काढता येण्याजोग्या मीडियाच्या जागीही, म्हणजे त्या ठरलेल्या बूट फोल्डरातही, प्रत ठेवायची का, असं ते विचारतं, तिथे हो म्हटलं. आता एनव्हीरॅम कोरी असली तरी मशीन आपलं आपण उठतं.

नोंदी मोजल्या. ४,२१६. शेवटची नोंद शुक्रवारी रात्रीची, जशी सोडली होती तशीच.

व्हर्शच्या डम्पएक्सएमएल या कमांडने काढलेली व्हीएमची एक्सएमएल फाइल आणि एनव्हीरॅमची फाइल, दोन्ही आता डिस्कच्या फायलींशेजारीच ठेवल्या आहेत, आणि चारही फायली बॅकअपमध्ये जातात. स्नॅपशॉट पायात मिसळून टाकायचं काम राहिलंय. ते पुढच्या शनिवारी, ताजी प्रत काढून झाल्यावर.