तुम्ही विचारलंत म्हणून: चालू पॉवर स्टीअरिंग काढलं कशासाठी?

"चांगलं चालू असलेलं पॉवर स्टीअरिंग काढून टाकलंस?" पुण्याहून आलेले पाहुणे हे विचारतात, इथे मिशिगनमधल्या महाराष्ट्र मंडळातले मित्र विचारतात, आणि माझी गाडी एकदा पार्किंगमध्ये वळवून पाहिलेला माणूस तर विचारतोच.

गाडी आहे माझदा मियाटा. १९८९ च्या शिकागो ऑटो शोमध्ये लोकांपुढे आली ती पहिली पिढी. दोन माणसांची, उघड्या टपाची, वजन टनाच्या आत. त्या काळी ती बिनपॉवरच्या स्टीअरिंगचीही मिळायची. माझ्या वाट्याला आली ती पॉवरवाली. पॉवर स्टीअरिंगचा तेलपंप गेल्याने थोडं वजन कमी होतं, इंजिनावरचा थोडा भारही उतरतो. पण तेवढ्यासाठी इतका खटाटोप कुणी करू नये. मी तो केला पुढच्या टायरांसाठी.

वळणात टायर किंचित तिरका राहून पुढे जातो. रस्त्याला टेकलेल्या त्याच्या तळव्याएवढ्या भागात बाजूचा जोर बरोबर मध्यावर येत नाही, जरा मागे येतो. म्हणून चाक स्वतःहून सरळ व्हायला बघतं आणि ती ओढ टाय रॉड (चाकाला जोडलेला दांडा), रॅक (नळीत डावी-उजवीकडे सरकणारा दातेरी दांडा), पिनियन (स्टीअरिंगच्या टोकाचं दातेरी चक्र) असं करत हातापर्यंत पोचते. वळणातला वेग वाढवत नेलात की ओढ वाढत जाते. पण पकड पूर्ण संपायच्या थोडं आधीच ती ओसरू लागते. टायर अजून धरून असतो आणि स्टीअरिंग मात्र हलकं पडतं. पतंग वर असताना मांजाचा ताण सैलावला की बोटाला आधी कळतं, नजर नंतर वर जाते; तसंच हे. त्या क्षणी ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा सैल केला तर गाडी पुढून घसरत नाही. ही सूचना मला पूर्ण हवी होती.

पॉवर स्टीअरिंगमध्ये पिनियनच्या डोक्याशी एक बारीक पोलादी दांडा असतो, टॉर्शन बार. स्टीअरिंग फिरवलं की तो किंचित पिळतो, त्या पिळाने व्हॉल्व्ह उघडतो आणि पंपाचं तेल रॅकमधल्या पिस्टनच्या एका बाजूला दाब देतं. कष्ट वाचतात, आणि चाकाची ओढही बरीचशी तेलच झेलतं; हाताला उरतो त्यातला थोडा भाग. दीड टनाच्या, नाकाशी जड असलेल्या गाडीत हा सौदा योग्यच आहे. पॉवर स्टीअरिंग म्हणजे वाईटच, असं मी अजिबात मानत नाही. पोर्शा ९११ ला ते ९६४ पिढीपासून आलं, आणि त्यानंतरच्याही हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, ९११ चं स्टीअरिंग जाणकार नावाजतात. पण लोटस एलिससारख्या हलक्या गाडीला कंपनीने ते मुळात दिलंच नाही, आणि मियाटाही त्याच जातकुळीची आहे.

आता काम. बेल्ट काढला की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं केलं तर रॅकमधलं तेल प्रत्येक वळणाला तुमच्या हातांनी ढकलावं लागतं आणि स्टीअरिंग बिनपॉवरच्या गाडीपेक्षाही जड लागतं. तेल काढून रॅकच्या दोन तेलनळ्या एकमेकींना जोडल्या तरी तेल अडवणाऱ्या सीलचं घासणं राहतंच. म्हणून रॅक खाली उतरवून उघडावा लागतो. माझा उघडला तेव्हा पिस्टनवरची रिंग नळीला इतकी घट्ट बसलेली होती, की रॅकचा दांडा हाताने सरकवताना दर वेळी आधी अडायचा आणि मग सुटायचा. ती रिंग आणि आतलं सील काढून ग्रीस भरलं, तसा तोच दांडा दोन बोटांनी सरकायला लागला. राहिला टॉर्शन बार. त्याच्या पिळामुळे मध्यावर जो सैलपणा जाणवतो, तो घालवायला पिनियनचा वरचा भाग वेल्ड करून पक्का करतात. ते मशीन शॉपमधल्या जाणत्या माणसाकडून करून घेतलं. स्टीअरिंगच्या भागावर हौशी वेल्डिंग कुणी करू नये, हे मी प्रत्येकाला बजावतो. एसी त्याच बेल्टवर चालतो, म्हणून आखूड बेल्ट घातला.

याची किंमत पार्किंगमध्ये मोजावी लागते. कंपनीच्या बिनपॉवर रॅकचं गुणोत्तर साधारण १८:१ (स्टीअरिंग १८ अंश फिरवलं की पुढचं चाक एक अंश वळतं), पॉवरवाल्याचं १५:१. म्हणजे माझी गाडी वळते चटकन, पण मूळ बिनपॉवर मियाटापेक्षा जड. इथे आल्यावर बाबांनी ती चालवली आणि त्यांना काही सांगावंच लागलं नाही. उभ्या गाडीत त्यांनी स्टीअरिंगला जोर लावलाच नाही. गाडी तसूभर सरकू दिली आणि सरकताना वळवली. "पद्मिनीला कुठे होतं पॉवर स्टीअरिंग?" एवढंच म्हणाले.

भारतातून हमखास येणारा प्रश्न: माझ्या हॅचबॅकचं काढू का? नको. आजच्या गाड्यांत इलेक्ट्रिक स्टीअरिंग असतं. फ्यूज काढला तर मदत जाते, मोटर जागेवरच राहते आणि तिला तुम्ही हातांनी फिरवत बसता. शिवाय मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलांशी न जुळणारा फेरफार करू देत नाही.

हलक्या जुन्या स्पोर्ट्स कारचे मालक असाल, तर आधी टायरची हवा, अलाइनमेंट, सस्पेन्शनचे बुश आणि टाय रॉड एंड बघून घ्या. स्टीअरिंग मुकं वाटण्याचं कारण बरेचदा तिथेच सापडतं आणि पंपाला हात लावायची गरजच पडत नाही. तरीही मन ओढत असेल, तर कुणाची तरी बिनपॉवरची मियाटा दुपारभर मागून घ्या, घाटवळणाच्या रस्त्यावर फिरवा आणि परत देण्याआधी अरुंद जागेत एकदा उलटी पार्क करून बघा.