तळाशी लपलेलं नाव

“अगं, बाळांचे वाइप्स आहेत, त्याने काय होणार?” मैत्रिणीने पाकीट पुढे केलं. मी ते उलटं करून डोळे बारीक केले. मिथिलआयसोथायझोलिनोन. यादीच्या अगदी शेवटी, पाकिटाच्या घडीत दबलेलं.

“एवढंसं तर असतं!” ती हसली.

एवढंसंच पुरतं, हीच तर गोम आहे. हे प्रिझर्व्हेटिव्ह, प्रमाण कमी, म्हणून यादीत तळाला. पण शरीराने एकदा त्याच्याशी वैर धरलं की थोडक्यानेही खाज, पुरळ, सोललेली बोटं. तेही लगेच नाही, एक-दोन दिवसांनी, म्हणजे कशामुळे झालं ते कळायलाही नको. पॅच टेस्टमध्ये, म्हणजे त्वचेवर पट्ट्या चिकटवून करायच्या ॲलर्जीच्या तपासणीत, माझ्यासाठी हे नाव निघाल्यापासून शाम्पू, हँडवॉश, सगळं उलटं करून बघते. भिंतीच्या रंगातही ते असतं म्हणे कळल्यावर मात्र हात टेकले.

युरोपीय संघाने २०१७ पासून त्वचेवर तसंच राहणाऱ्या प्रसाधनांत ते बंद केलं. धुऊन टाकायच्या उत्पादनांत मर्यादा ०.००१५ टक्के. म्हणजे धोका मान्य आहे. मग ‘सौम्य’ एवढं ठळक आणि हे नाव भिंग घेऊन का शोधायचं?

बरं, ओळखीच्या बाटलीतलाही फॉर्म्युला गुपचूप बदलतो. तुम्ही दर खरेदीला यादी पुन्हा वाचता का?