पंचांग पाहून केलेली फिरस्ती: रोवणीपासून शंकरपटापर्यंतच्या छायाचित्रणाची नोंद

भंडारा जिल्ह्यातील साकोली-लाखनी भागात राहणाऱ्या हौशी छायाचित्रकाराला विषयांची वाण कधीच पडत नाही. जुळवून घ्यावे लागते ते उजेडाशी. आमच्याकडचे सोहळे पावसाळी आभाळाखाली होतात, अमावास्येच्या आगेमागे होतात, नाहीतर रात्र उतरल्यावर सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात. म्हणून या हंगामात मी नव्या भिंगाचा विचार बाजूला ठेवला आणि पंचांग समोर घेऊन फिरस्ती आखली. कोणत्या तिथीला काय आहे, त्या वेळी सूर्य किंवा चंद्र कुठे असेल आणि गावातले लोक नेमक्या कोणत्या प्रहरी कुठे जमतील, हे आधी ठरवूनच कॅमेरा पिशवीत टाकायचा, असा नेम ठेवला. साहित्य जुनेच आहे: क्रॉप सेन्सरचा कॅमेरा, ५० मिलिमीटरचे एफ/१.८ भिंग आणि ७०-३०० चे झूम.

सुरुवात रोवणीने, म्हणजे धानाच्या लावणीने झाली. धानाच्या बांधीत साचलेले पाणी आभाळाचा उजेड परत वर फेकते आणि वाकून पऱ्हे लावणाऱ्या बायांच्या चेहऱ्यांवर तो खालून पडतो. ढगाळ दिवशी हा उजेड इतका मऊ असतो की सावल्या उचलायला वेगळे काही करावे लागत नाही. मात्र पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, काढून ठेवावा, कारण त्याने पाण्यातले आभाळाचे प्रतिबिंब पुसले जाते आणि चौकटीत नुसता गढूळ चिखल उरतो. धुऱ्यावर उकिडवे बसून, कॅमेरा पाण्यापासून हातभर उंचीवर धरून घेतलेली चित्रे मला या भागातली सर्वांत समाधानाची वाटतात.

पोळ्याची तयारी मी आदल्या संध्याकाळच्या खांदशेकणीपासून केली, आणि ज्यांना पोळा टिपायचा आहे त्यांनी ती संध्याकाळ चुकवू नये असे माझे ठाम मत आहे. गोठ्यात एकच दिवा असतो, घरातली माणसे मोजकीच असतात आणि घाई कुणालाच नसते. वर्षभर जू वाहून बैलाच्या खांद्यावरची कातडी राखाडी, जाड आणि बारीक भेगांची झालेली असते. कोमट तूप आणि हळद पळसाच्या पानाने तिथे लावली जाते, आणि पान फिरत गेले तसा तो राखाडी भाग पिवळा, ओलसर, चमकता होत जातो. मग बैलाच्या कानाशी जाऊन सांगायचे, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.’ हे म्हणत असलेल्या वयस्क शेतकऱ्याकडे मी भिंग वळवले, तेव्हा ते म्हणाले, ‘फोटो बैलाचा काढा जी, माझा कायले काढता?’ मी दोघांचा मिळून काढला: हात, पान आणि खांदा एवढेच चौकटीत ठेवून, एफ/२ आणि १/१०० सेकंदावर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट आणि साधे एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होत असतात. शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवले की चित्रात आडवे पट्टे सहसा येत नाहीत.

प्रत्यक्ष पोळ्याच्या दिवशी खरा प्रश्न असतो तो पांढऱ्या बैलांचा. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे सगळे मिळून मध्यम करडे आहे असे धरून चालतो. त्यामुळे पांढरा बैल चौकटभर आला की कॅमेरा उजेड कमी करतो आणि बैल मळकट दिसतो. अशा वेळी एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवावे लागते. पण तोच बैल दूर उभा असेल आणि मागे चिंचेची गर्द झाडी किंवा गर्दी असेल, तर कॅमेरा अंधाराला भुलून उजेड वाढवतो आणि पाठीवरची गेरूची ठिपकी, हळदीचे हात, सगळे पांढऱ्यात बुडून जाते. तिथे उलट स्टॉपभर कमी करावे लागते. आखरावर, म्हणजे गावाच्या मोकळ्या जागेत, तोरणाखाली ओळीने उभ्या असलेल्या जोड्यांसमोरून चालताना या दोन परिस्थिती क्षणाक्षणाला बदलतात, त्यामुळे दर चित्राला चाक फिरवत बसण्यात अर्थ नाही. मला सर्वांत भरवशाचा वाटलेला उपाय आपल्या पायाखालीच असतो. पोळ्याच्या सुमारास सगळीकडे हिरवेगार गवत असते आणि ते जवळजवळ मध्यम करड्याइतकाच उजेड परतवते. स्पॉट मीटरिंगने, म्हणजे चौकटीतल्या एका लहान जागेपुरता उजेड मोजून, त्या गवताचे माप घ्यावे, मॅन्युअलवर तेच कायम करावे आणि आभाळ बदलेपर्यंत हात लावू नये. शिंगांवरच्या बेगडीची चमक थोडी जळते, ती जळू द्यावी. झुलीचे आरसे, मठाटी आणि घुंगरमाळा यांच्या बाबतीतही तसेच. बैलाच्या अंगावरचा पोत टिकला म्हणजे चित्र टिकले.

झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हटली जाणारी यमकबद्ध कवने, सुरू झाल्या की माणसांच्या चेहऱ्यांकडे वळावे. झडती म्हणणारा माणूस ओळ संपवून ‘हर हर महादेव’ म्हणतो तेव्हा सगळ्या आखराचे तोंड एकदम उघडते, आणि त्या एका क्षणासाठी १/५०० पेक्षा मंद शटर चालत नाही. तोरण तुटून पोळा फुटला की जोड्या घराकडे धावतात. तोवर उजेड उतरलेला असतो, म्हणून मी शटर मुद्दाम १/३० वर आणतो आणि बैलांबरोबर कॅमेरा फिरवतो. त्यानंतर दारोदारी ओवाळणी आणि बोजारा (बैल घेऊन येणाऱ्याला दिली जाणारी भेट), हा भाग दारावरच्या दिव्यात आणि निरांजनाच्या उजेडात होतो. पांढरा दिवा आणि पिवळी ज्योत एकत्र आल्यावर रंगांचा समतोल कॅमेऱ्यावर सोडू नये. ‘रॉ’मध्ये, म्हणजे रंग नंतर ठरवता येणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये, घेऊन ज्योतीचा पिवळेपणा राखावा, कारण त्या दाराचा जिव्हाळा त्याच रंगात आहे.

दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन मुले येतात. तिथे फक्त एकच सांगणे: जमिनीवर बसा. एका मुलीचा चाकांचा बैल घरात पिढ्यांपासून असलेला होता. त्याच्या दोन्ही शिंगांच्या बुडाशी, जिथे मुले धरतात तिथला रंग पूर्ण उडून सागाचे लाकूड गुळगुळीत झाले होते, आणि तेवढाच भाग मी जवळून टिपला.

सर्वांत जास्त वेळ मी झाडीपट्टीच्या नाटकांना दिला. दिवाळी झाली, भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चारही जिल्ह्यांत नाटकांचा हंगाम लागतो. मंडळ्यांचे मुख्य ठाणे देसाईगंज-वडसा. या रंगभूमीवरील कामासाठी परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या भागात झालेला आनंद मी पाहिला आहे, आणि त्यामुळे या नाटकांची चित्रे नीट, आदराने आणि भरपूर निघावीत अशी माझी मनापासून इच्छा आहे.

अडचणी दोन आहेत. पहिली रंगीत एलईडीची. लाल किंवा निळा दिवा चेहऱ्यावर पडला की त्या एकाच रंगाची वाहिनी भरून जाते आणि नाक, गाल, कपाळ एकसंध रंगीत डाग होतात, तेही एकत्रित हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाचा आलेख) सुरक्षित दिसत असताना. म्हणून तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावून ठेवावा आणि एक्स्पोजर ज्या रंगाची वाहिनी आधी भरते तिच्या टोकाकडे पाहून ठरवावे. नाट्यगीत आणि नाचाच्या वेळी दिवे सारखे बदलतात, पण करुण प्रसंगात ते बहुधा पांढरे आणि स्थिर राहतात. चेहऱ्यांची चित्रे त्या प्रसंगांसाठी राखून ठेवावीत. मंद केलेल्या एलईडीचे लुकलुकणे वीजपुरवठ्याच्या लयीशी बांधलेले नसते, तिथे १/१०० चा नियमही कामी येत नाही. अशा वेळी आवाजरहित इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून यांत्रिक शटर वापरावे. त्याचा आवाज ऑर्गन आणि ऑक्टोपॅडपुढे कुणाला ऐकूही जात नाही. फ्लॅश मात्र कटाक्षाने टाळावा, आणि मंडळाच्या व्यवस्थापकांची परवानगी पडदा उघडण्याआधी घ्यावी.

दुसरी अडचण दवाची. मार्गशीर्ष-पौषाच्या रात्री उघड्यावर राहिलेले भिंग आसपासच्या हवेपेक्षाही थंड होते आणि त्यावर दव धरते. हूड लावलेला ठेवला आणि मधल्या वेळात भिंगावर सुती रुमाल टाकला तर बराच बचाव होतो. बॅटरी थंडीत लवकर उतरते, तेव्हा दुसरी अंगातल्या खिशात असावी.

मला या नाटकांतली सर्वांत मोलाची चित्रे रंगमंचाकडे पाठ करून मिळाली. रंगमंचाचा उजेड पुढच्या रांगांवर पडतो; शाली डोक्यावरून घेतलेल्या बाया, मांडीवर झोपलेली मुले, आणि सासरच्या छळाचा प्रवेश चालू असताना पदराचे टोक दातांत धरून बसलेली एक आजी. आयएसओ ६४००, १/६० सेकंद. चित्रात दाणे आले आहेत, आणि ते काढून टाकावेत असे मला वाटत नाही.

नवेगावबांधची फेरी थोडक्यात सांगतो. कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडलेला हा तलाव हिवाळ्यात स्थलांतरित बदकांसाठी चांगला, पण ३०० मिलिमीटरला पक्षी दूरच राहतात. त्यामुळे पक्षी लहान आणि धुके मोठे अशीच चौकट धरली. गोंदिया जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्यांत सारसाची जोडी दिसली तर गाडीतूनच टिपावी, आणि पावसाळ्यात त्यांच्या घरट्याच्या दिशेने एक पाऊलही टाकू नये. चित्रासाठी त्या जोडीला उठवणे मला मान्य नाही.

मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बैलांच्या शर्यतींना मान्यता देणारा कायदा वैध ठरवल्यापासून शंकरपट, म्हणजे आमच्याकडच्या बैलजोड्यांच्या शर्यती, पुन्हा मोकळेपणाने भरू लागले आहेत. पटाच्या मध्यावर, दोरीच्या बाहेर, सूर्य पाठीशी घेऊन उभे राहावे. १/१६०० ला खूर हवेत थांबतात, धुरळ्याचा कण न् कण दिसतो, पण वेग जाणवत नाही. १/८० ला जोडीच्या डोळ्यावर फोकस ठेवून कमरेतून वळत गेले तर धुरकरी (जोडी हाकणारा) आणि बैल स्पष्ट येतात आणि मागची गर्दी रेषा होऊन वाहते. पटाच्या शेवटी, जिथे जोड्या थांबवल्या जातात, तिथे भिंग घेऊन उभे राहू नये.

आता महाशिवरात्रीला मार्कंड्याची यात्रा आहे. चामोर्शी तालुक्यात, वैनगंगा उत्तरवाहिनी होते तिथे ही मंदिरे आहेत. यात्रेच्या गर्दीत शिल्पे धड टिपता येणार नाहीत, म्हणून आदल्या आठवड्यात एकदा केवळ शिल्पांसाठी जायचे ठरवले आहे. कोवळे ऊन दगडावर तिरपे पडते तेव्हा कोरीव कामाची खोली दिसते, आणि ऊन वर चढले की तेच शिल्प सपाट होते. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकात तिपाई वापरायची तर आधी परवानगी लागते. त्यासाठीचा अर्ज या आठवड्यात पाठवतो आहे. तोवर पोळ्याची आणि नाटकांची छापील चित्रे ज्यांची त्यांना पोहोचवायची आहेत.